युरोपियन संसदेला खुले पत्र : त्याचा नकार सीमेवर अडवू नका

प्रति,
अंतर्गत बाजारपेठ व ग्राहक संरक्षण समिती, युरोपियन संसद
आणि युरोपियन आयोग, ब्रसेल्स

विषय : ऑनलाइन जुगारावरची स्वबंदी युरोपियन संघातल्या सगळ्या देशांत पाळली जावी याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार. मी मूळची लालबागची. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आइंडहोवनला आले, आता इथेच एका कंपनीत हिशेबाचं काम करते. डच नागरिकत्व घेतल्यावर ६ जून २०२४ रोजी मी पहिल्यांदा तुमच्या संसदेसाठी मत दिलं, तेव्हा हे पत्र एका मतदाराचं आहे असं समजा. डच प्रत टपालाने तुमच्याकडे निघाली आहे. मराठीत ते सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण ज्या प्रसंगांतून ते आलं ते मराठीतच घडले. शिवाय ॲम्स्टलव्हेनपासून म्युनिकपर्यंतच्या ज्या मराठी घरांत असंच काही दाराआड चाललं असेल, त्यांच्याही हाती ते पडावं.

गोष्ट माझ्या मावसभावाची आहे. नाव लिहीत नाही. पत्र त्याला आधी वाचून दाखवलं आहे आणि त्याने त्यातली एकही ओळ काढायला सांगितली नाही.

तो २०१९ मध्ये शिकायला डेल्फ्टला आला आणि पुढे आमच्याच शहरात नोकरीला लागला. १ ऑक्टोबर २०२१ ला नेदरलँड्सने ऑनलाइन जुगाराचा बाजार परवानाधारक कंपन्यांना खुला केला. त्या हिवाळ्यात जाहिरातींचा पूर आला होता. टीव्ही लावला तरी तेच, बसथांब्यावर तेच, फोन उघडला तरी तेच, आणि बोलायला नावाजलेले माजी फुटबॉलपटू. अशा प्रसिद्ध माणसांना जाहिरातीत घ्यायला मनाई झाली ती जून २०२२ संपता संपता. तोवर माझा भाऊ आत ओढला गेला होता. त्याला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. त्याने सुरुवात केली टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यांवर दहा-दहा युरो लावून. सामने संपले, पण ॲप फोनवरच राहिलं, आणि क्रिकेटच्या शेजारच्याच बटणात रूलेट होतं. १४ महिन्यांत ३८ हजार युरो गेले. त्यात बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले होते, आणि घरी सांगून आणलेलं कर्जही होतं.

जानेवारी २०२३ मधल्या एका रात्री तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "ताई, मी कामातून गेलो." पुढचे दोन तास तो बोलत होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते एक वाक्य : "हरण्याचं काही वाटत नाही गं, लॉस रिकव्हर करायचाय एवढंच डोक्यात असतं."

त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून आम्ही क्रुक्समध्ये त्याचं नाव घातलं. भारतातल्या वाचकांसाठी सांगते : क्रुक्स ही नेदरलँड्सची राष्ट्रीय नोंदवही आहे. जुगारापासून स्वतःला दूर ठेवायचं असेल तर माणूस तिच्यात आपणहून नाव घालतो. याला मी स्वबंदी म्हणते. त्यानंतर देशातल्या कुठल्याही परवानाधारक साइटवर, स्लॉट मशीनच्या हॉलमध्ये किंवा कॅसिनोच्या दारात त्याची ओळख तपासली गेली, की उत्तर एकच येतं : प्रवेश नाही. मुदत सहा महिन्यांहून कमी देता येत नाही. त्याने पाच वर्षांची दिली. सरकारी लॉग-इन वापरून सगळं काही मिनिटांत झालं. त्या रात्री मी या देशाचे मनापासून आभार मानले होते, आणि ते आभार मी आजही परत घेत नाही. दीड वर्ष तो बाहेर राहिला. कर्जाचे हप्ते सुरू झाले, वजन वाढलं, गणपतीत आरतीला पहिला उभा राहू लागला.

जून २०२४ मध्ये त्याला ड्युसेलडॉर्फला चांगली नोकरी मिळाली. आमच्या घरापासून शंभरएक किलोमीटर. गाडीतून जाताना नेदरलँड्स कुठे संपलं आणि जर्मनी कुठे लागली हे रस्त्यावरच्या पाट्यांवरची भाषा बदलली म्हणून कळतं. तेव्हा युरो फुटबॉल स्पर्धा चालू होती, ड्युसेलडॉर्फमध्येही सामने होते, मैदानाच्या कडेच्या फलकांवर सट्ट्याची जाहिरात फिरत होती. जर्मनीची स्वतःची नोंदवही आहे, ओएसिस नावाची. तीही चांगली आहे, जर्मन राज्यांनी आपसात केलेल्या जुलै २०२१ च्या जुगारविषयक करारानंतर ती देशभरातल्या ऑनलाइन साइटना, सट्ट्याच्या दुकानांना, मशीनच्या हॉलना लागू आहे. पण ओएसिसच्या लेखी माझा भाऊ कोरी पाटी होता. क्रुक्समध्ये त्याची अजून साडेतीन वर्षं शिल्लक होती, आणि सीमेच्या जर्मन बाजूला त्या साडेतीन वर्षांची किंमत शून्य होती. एका परवानाधारक कंपनीत त्याचं खातं जेवणाच्या सुट्टीत उघडून झालं.

जर्मनीत एका खेळाडूला सगळ्या कंपन्यांत मिळून महिन्याला १,००० युरोंच्या वर पैसे भरता येत नाहीत, मोजके अपवाद सोडले तर. ती मर्यादा त्याने पहिल्या महिन्यातच गाठली. मग त्याला अशा साइट सापडल्या जिथे मर्यादाच नव्हती. पानाच्या तळाशी कुठल्यातरी बेटाच्या परवान्याचं चिन्ह, वर जर्मन भाषा, आणि मदतीला रात्रभर जागं असलेलं चॅट. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहाटे दोनला त्याचा फोन आला. मी नवऱ्याला उठवलं आणि आम्ही तसेच निघालो. त्या रात्रीबद्दल इतकंच लिहिते की आम्ही वेळेत पोचलो.

सदस्यहो, या सगळ्यात मला काय कळलं ते सांगते. तुमच्या संघात जुगाराची जाहिरात सीमा ओलांडते, पैसा ओलांडतो, कंपनी ओलांडते, एका देशाचा परवाना दाखवून दुसऱ्या देशातल्या माणसाच्या फोनपर्यंत पोचता येतं. सीमेवर अडतो तो फक्त त्या माणसाने दिलेला नकार. तो मागे राहतो, जुन्या पत्त्यावर आलेल्या टपालासारखा.

मला माहीत आहे की जुगार हा तुमच्याकडे जपून हाताळायचा विषय आहे. मी गेलं वर्षभर रात्री बसून वाचलं. १९९४ चा शिंडलर खटला तर मला एखाद्या जुन्या टपालखात्याच्या गोष्टीसारखा वाटला. जर्मन लॉटरीची तिकिटं घ्या म्हणून सांगणारी पाकिटं नेदरलँड्समधून ब्रिटनला धाडली गेली आणि डोव्हर बंदरात कस्टमने ती जप्त केली. तुमच्या न्यायालयाने तेव्हा दोन गोष्टी एकत्र सांगितल्या : लॉटरी ही सेवा आहे, म्हणून सेवेच्या मुक्त संचाराचं तत्त्व तिला लागू पडतं, पण हा विषय प्रत्येक समाजाच्या नीतीशी, धर्माशी, चालीरीतींशी बांधलेला आहे, म्हणून देशांना तिच्यावर निर्बंधही घालता येतील. पुढे २००३ मध्ये इटलीच्या गाम्बेल्ली खटल्यात न्यायालयाने बजावलं की निर्बंध घालायचेच तर ते सुसंगत हवेत. एका हाताने सरकारी जुगाराची जाहिरात करायची आणि दुसऱ्या हाताने परक्या कंपनीला लोकहिताच्या नावाने रोखायचं, हे चालणार नाही. २००९ मध्ये पोर्तुगालच्या प्रकरणात आणखी स्पष्ट झालं : दुसऱ्या सदस्य देशाने परवाना दिला आहे एवढ्यावरून आपल्या नागरिकांचं संरक्षण होईल, असं मानायला कुठलाही देश बांधील नाही.

हे वाचून मी थांबले होते. परवाना आपोआप ओलांडत नाही हे न्यायालयानेच सांगितलं आहे, आणि ते मला पटतं. ज्या देशात माणूस राहतो त्या देशाने त्याचं रक्षण करावं. मग त्या देशाने त्याच्याविषयीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जाणून का घेऊ नये? हा माणूस शेजारच्या देशात "मला आत घेऊ नका" असं लिहून देऊन आला आहे, ही ती गोष्ट.

२००६ च्या सेवाविषयक निर्देशातून जुगार वगळला गेला. त्याआधी २००० च्या ई-कॉमर्स निर्देशातूनही वगळलाच होता. २०११ मध्ये आयोगाने चर्चेसाठी हिरवी पुस्तिका काढली, २०१२ मध्ये धोरणपत्र आलं आणि १४ जुलै २०१४ ला शिफारस आली. ती शिफारस मी पूर्ण वाचली. चांगली आहे. खेळाडूची ओळख पटवा, अल्पवयीनांना दूर ठेवा, स्वबंदीची सोय द्या, देशांनी राष्ट्रीय नोंदवही उभारावी, असं सगळं त्यात आहे. पण ती शिफारस आहे, बंधन नाही. बेल्जियमने तिला आव्हान दिलं तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयाने हेच कारण देऊन दावा दाखल करून घेतला नाही : जे बंधनकारकच नाही ते रद्द काय करायचं! त्याच्या आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, आयोगाने जुगाराविषयी वेगवेगळ्या देशांवर चालू असलेली नियमभंगाची प्रकरणं बंद केली. प्राधान्याचे विषय वेगळे आहेत, असं सांगितलं गेलं. २०१४ ला जी मुलं प्राथमिक शाळेत होती ती आता स्वतःच्या नावाने खाती उघडण्याइतकी मोठी झाली आहेत.

या काळात देशांनी आपापल्या परीने काम केलं. स्वबंदीची नोंदवही म्हणून डेन्मार्कमध्ये रोफस आहे, स्वीडनमध्ये २०१९ पासून स्पेलपाउस, बेल्जियममध्ये एपिस. फिनलंडही सरकारी मक्तेदारी सोडून परवाना-पद्धतीकडे निघाला आहे. प्रत्येक भिंत नीट बांधलेली आहे, पण दोन भिंतींमधली जागा उघडी आहे, आणि एका देशातून दुसऱ्या देशात नोकरीला जाणारा माणूस, ज्याचं तुम्ही कौतुक करता, तो नेमका तिथूनच चालत असतो.

आता माझ्या घरातली एक जुनी गोष्ट सांगू द्या. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. मुंबईत तेव्हा आकडा चालायचा. सुरुवातीला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागायचा. भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यांच्या उघडत्या आणि बंद होत्या आकड्यांवर गिरणगावातला कामगार पगार लावत असे. म्हणजे सीमेपलीकडचा जुगार काही इंटरनेटने आणलेला नाही. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले, मग मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढू लागले आणि त्याचा मटका झाला. आजोबा त्यात बुडाले होते. आई सांगते, एका पगाराच्या दिवशी आजी चाळीच्या तोंडाशी आकडा घेणाऱ्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यांचा आकडा आजपासून घ्यायचा नाही." त्याने घेतला नाही. आजोबा चिंचपोकळीला गेले, तिथल्यानेही घेतला नाही. लालबागचा निरोप तिथे पोचला होता. धंदा बेकायदा होता, माणसं काही संत नव्हती, पण एका बाईने सांगितलेला नकार त्यांनी एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर पोचवला.

जे त्या नाक्यांवरच्या माणसांना तोंडी जमलं ते मी तुमच्याकडे मागते आहे. संपूर्ण युरोपला एकच जुगार कायदा करा, असं मी म्हणत नाही. फ्रान्सला ऑनलाइन कॅसिनो नको असेल तर नसो. इटलीने २०१८ मध्ये जाहिरातींवर बंदी आणली, ती तिची गोष्ट. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला, आणि माझे मुंबईचे नातेवाईक विचारतात की तिकडे तसं का करत नाहीत. प्रत्येक देशाची वाट वेगळी असू शकते. पण "मला खेळू देऊ नका" हे वाक्य स्टॉकहोमला आणि लिस्बनला वेगवेगळ्या अर्थाचं होत नाही.

अडचणी आहेत, त्या मी नाकारत नाही. नेदरलँड्समध्ये प्रत्येकाला नागरिक-क्रमांक आहे, स्वीडनमध्ये व्यक्ती-क्रमांक आहे. ओएसिस मात्र माणसाला नाव, जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता यांवरून ओळखतो. आमच्याकडे तर पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी येत नाही, आणि इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. त्यामुळे दोन याद्या नुसत्या शेजारी ठेवून जुळणार नाहीत. पण २०२४ च्या तुमच्याच नियमानुसार प्रत्येक सदस्य देशाने २०२६ अखेरपर्यंत नागरिकांना डिजिटल ओळख-पाकीट द्यायचं आहे. ते एका देशात दिलेलं दुसऱ्या देशात चालणार आहे. त्याच पाकिटात स्वबंदीची खूण ठेवता येईल की नाही, याचा विचार आत्ताच, ते घडत असतानाच, करायला हवा.

खासगीपणाची काळजी मला कुणाहूनही जास्त आहे, कारण हे नाव माझ्या घरातलं आहे. जुगाऱ्यांची युरोपभर फिरणारी यादी मला मुळीच नको. ती उद्या मालकाच्या किंवा घरमालकाच्या हाती लागली तर काय होईल ते मी समजू शकते. एका नोंदवहीने दुसरीला एकच प्रश्न विचारावा आणि हो किंवा नाही एवढंच उत्तर यावं. कुठल्या देशात, कधीपासून, कशामुळे, काही नाही. कोविडचं प्रमाणपत्र तुम्ही मार्च २०२१ मध्ये मांडलंत आणि १ जुलैला ते सीमांवर स्कॅन होऊ लागलं. मीच त्या उन्हाळ्यात बेल्जियममधून फ्रान्सला गेले होते. इच्छा होती म्हणून चार महिन्यांत झालं.

कंपन्यांचं म्हणणं असतं की नियम कडक केले की माणसं काळ्या बाजाराकडे जातात. यात तथ्य आहे, माझा भाऊच गेला. डच नियामकानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये पैसे भरण्याच्या मर्यादा कडक झाल्यानंतर रकमेच्या हिशेबात बेकायदा साइटचा वाटा वाढल्याचं नोंदवलं आहे. पण तो काळ्या बाजाराच्या दारापर्यंत पोचला तो एका कायदेशीर, परवानाधारक दारातूनच आत शिरून. दीड वर्षाच्या उपासानंतर पहिला घास त्याला रीतसर वाढला गेला. तो घास चुकला असता तर पुढचं झालंच नसतं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ज्या डॉक्टरीणबाई आता त्याच्यावर उपचार करतात त्या पहिल्या घासालाच सगळ्यात जास्त घाबरतात.

बेटांच्या परवान्यांबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. अशा साइटचा एक मोठा साठा वर्षानुवर्षं कुरासावच्या परवान्यावर चालला, आणि कुरासाव हा नेदरलँड्सच्या राजसत्तेचाच भाग आहे. तिथला नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. ज्या राजाच्या एका देशात क्रुक्स चालतं त्याच राजाच्या दुसऱ्या देशातून क्रुक्सला वळसा घातला जात होता, हे आपल्याला इतकी वर्षं चाललं कसं? तिथे तुमचे कायदे थेट पोचत नसतील, पण पैसा युरोपातल्या बँकांतूनच जातो. कार्डाच्या व्यवहारात जुगाराला ७९९५ हा वेगळा संकेतांक असतो. काही बँका ग्राहकाला तो बंद करण्याचं बटण देतात, काही देत नाहीत. ते बटण प्रत्येक बँकेत असावं, आणि जुगाराचे पैसे दुसऱ्याच मालाच्या नावाने वळते करून घेणाऱ्या मध्यस्थाला जबर दंड बसावा.

आणि माल्टा. मी त्या देशाला दूषणं द्यायला बसलेले नाही. संघात येताच २००४ मध्ये त्याने ऑनलाइन जुगाराचे नियम केले, तेव्हा बाकीचे देश डोळे मिटून होते. तिथे हजारो लोकांची पोटं यावर आहेत, त्यात आपली भारतीय मुलंही आहेत. पण २०२३ मध्ये तिथल्या संसदेने विधेयक क्रमांक ५५ मंजूर केलं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतली न्यायालयं, स्थानिक परवाना नसताना खेळवलेल्या खेळातले पैसे खेळाडूंना परत द्या, असे निकाल देत होती. या कायद्याने माल्टाच्या न्यायालयांना सांगितलं, की असे निकाल आपल्या परवानाधारक कंपन्यांविरुद्ध इथे बजावू नका. एका सदस्य देशाच्या न्यायालयाचा निकाल दुसऱ्याने मानायचा हा तर तुमच्या संघाचा पाया आहे. आयोगाने जून २०२५ मध्ये माल्टाला औपचारिक नोटीस पाठवली हे वाचून मला धीर आला. ती कारवाई मधेच थंड पडू देऊ नका. २०१७ च्या डिसेंबरमध्ये काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही.

माझी मागणी एवढी आहे : पुढच्या कायद्यात, तो ग्राहक हक्कांचा असो की डिजिटल व्यवहारांचा, एक कलम घाला. संघातल्या एका देशात माणसाने स्वतःवर घातलेली बंदी तिची मुदत संपेपर्यंत प्रत्येक सदस्य देशात पाळली जाईल, आणि खातं उघडण्याआधी ते तपासणं कंपनीवर बंधनकारक असेल. शिफारस नको.

भाऊ आता बरा आहे. ओएसिसमध्येही त्याचं नाव आहे, कर्ज फिटायला अजून चार वर्षं लागतील. त्याला गोथेनबर्गमधल्या एका कंपनीने बोलावलं आहे आणि तो जाणार आहे, कारण काम त्याच्या आवडीचं आहे आणि आजाराच्या भीतीने माणसाने जगणं थांबवायचं नसतं. तिथे गेल्यावर काही आठवड्यांनी टपालाने त्याचा स्वीडिश व्यक्ती-क्रमांक येईल. त्या क्रमांकावर घर भाड्याने मिळतं, बँकेत खातं उघडतं, आणि जुगाराच्या साइटवरही. पत्र आलं की उघडायचं नाही, आधी मला फोन करायचा, असं आमचं ठरलं आहे. मी शनिवारच्या विमानाने जाईन, त्याच्या टेबलाशी बसेन, आणि तो तिसऱ्या देशाच्या वहीत तिसऱ्यांदा आपलं नाव लिहील.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
आइंडहोवनमधली एक मतदार, आणि त्याची ताई